मागचा उजवा स्पीकर

आमच्या घरात एक खोली अशी आहे, जिथे पंखा लावायलासुद्धा परवानगी लागते. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि जुईनगरच्या आमच्या फ्लॅटमधली त्याची खोली रिकामी झाली, तेव्हा मी मनातल्या मनात तिथे शिलाई मशीन मांडून मोकळी झाले होते. पण माझ्या मशीनच्या आधी नवऱ्याचे स्पीकर आले. समोर तीन, मागे दोन आणि कोपऱ्यात एक काळी पेटी, जी बोलत नाही, नुसती गुरगुरते. ती गुरगुरली की खालच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये बादलीत ठेवलेला मग वाजतो, अशी सोसायटीकडे रीतसर तक्रार गेली होती. मग भिंतींना करडा स्पंज लागला, खिडकीला दुहेरी पडदे आले, दाराच्या फटीला रबर बसलं. हौसेला मोल नसतं म्हणतात. धूळ मात्र असते, आणि ती मी पुसते.

नवरा तुर्भ्याच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. दिवसभर मशीनच्या खडखडाटात राहणारा माणूस घरी येऊन आणखी आवाज कशाला मांडतो, हे मला कधी कळलं नाही. मी विचारलं की तो म्हणायचा, "तो गोंगाट, हा आवाज. आणि तोसुद्धा अनकॉम्प्रेस्ड." हा शब्द तो असा उच्चारायचा की बाकी जगात सगळीकडे भेसळ चालू आहे आणि शुद्ध तूप तेवढं आमच्याच घरी.

एकदा त्याने मला बसवून समजावलं. "फोनवर आपण ऐकतो ना, ते सगळं दाबून लहान केलेलं असतं. मोठ्या आवाजाच्या खाली एखादा बारीक आवाज असला, तर तो काढूनच टाकतात. माणसाच्या कानाला तो नाहीतरी कळणार नाही म्हणून."

"मग जे कळतच नाही, त्यासाठी एवढा उपद्व्याप कशाला?" मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि दार लावून घेतलं. रबरामुळे ते धाडकन आपटतासुद्धा येत नाही.

आता आईंबद्दल सांगते. आई म्हणजे माझ्या सासूबाई, मूळच्या मालवणकडच्या. त्यांच्या जिभेला अशी धार होती की विळीची गरज पडू नये. लग्न होऊन आले त्या आठवड्यात माझी आमटी चाखून त्यांनी विचारलं होतं, "मीठ डोळे मिटून घातलंस काय गो?" मीही काही गरीब गाय नव्हते. "तुमच्याकडे बघून घातलं, म्हणून हात थरथरला," असं म्हणाले. त्या दिवसापासून आमची जी जुंपली, ती जुंपलीच. शेजाऱ्यांना वाटायचं, या दोघींचं हाडवैर आहे. वैर नव्हतं. आम्हाला दोघींनाही भांडल्याशिवाय जेवण पचायचं नाही, इतकंच.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर आईंना झटका आला. उजवा हात आणि पाय लुळे पडले आणि बोलणं गेलं. सगळे शब्द गेले आणि एकच उरला, "मगे." मालवणीत मगे म्हणजे मग, नंतर. चहा हवा का, तर मगे. दुखतंय का, तर मगे. फोनवर नातू बोलायला लागला की डोळ्यांत पाणी यायचं आणि तोंडातून मगे, मगे, मगे. बोलायला शिकवणारी एक बाई येत होती. ती चित्रं दाखवायची, हा कप, हे घड्याळ, आणि आई प्रत्येक चित्राला मगे म्हणायच्या. शेवटी एक दिवस त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, ते ती बाई जाईपर्यंत फिरवलंच नाही. डॉक्टर म्हणाले, यायचं तर येईल, नाहीतर नाही. हळूहळू आम्ही असं धरून चालायला लागलो की बोलण्याबरोबर समजणंही गेलं. तसं कोणी सांगितलं नव्हतं. तसं धरणं सोयीचं होतं, एवढंच मी आज म्हणू शकते.

दिवसभर त्यांच्याजवळ राहायला ठेवलेल्या बायका टिकत नव्हत्या. मी वाशीला बँकेत, नवरा तुर्भ्याला. नणंद नावड्याला राहते, पण तिच्या घरी तिचेच सासू-सासरे अंथरुणाला खिळलेले. तिने पनवेलच्या पुढचं, वृद्धांच्या देखभालीचं एक केंद्र शोधून काढलं. चोवीस तास नर्स, समोर बाग, स्वच्छ खोल्या. आम्ही दोघं जाऊन बघून आलो. वाईट नव्हतं. गणपती झाले की आणि पितृपक्ष लागायच्या आत आईंना तिथे हलवायचं, असं ठरलं, कारण पितृपक्षात नवीन काही करायचं नाही. हे सगळं आमच्या हॉलमध्ये, आईंच्या खुर्चीपासून चार हातांवर बसून ठरलं.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. गेल्या वर्षी नवऱ्याच्या डोक्यात आलं की आईचा हा आपल्या घरातला शेवटचा गणपती, तर त्याची आरती आपण नीट रेकॉर्ड करायची. तेही फोनवर नाही, तर हॉलच्या चारी कोपऱ्यांत आणि मखरासमोर एक असे पाच माइक लावून. कुठून तरी ओळखीने त्याने ते यंत्र आणि माइक आणले. एक माइक शोकेसवर, एक खिडकीच्या गजाला, एक चपलांच्या कपाटावर आणि एक फ्रीजवर, वाटीने टेकू देऊन. मी म्हटलं, "मोदकांचं सारण करायचंय, माझी वाटी दे." तो म्हणाला, "आरतीनंतर घे."

आईंना उभं राहता येत नव्हतं. त्यांची खुर्ची पुढे ठेवली असती तर आरतीचं ताट ओवाळायला जागा उरली नसती. म्हणून ती सगळ्यांच्या मागे ठेवली होती, उजव्या हाताला, स्वयंपाकघराच्या दाराशी, फ्रीजला लागून. आरतीला आपण सगळे देवाकडे तोंड करून उभे राहतो. मजल्यावरची मंडळी, पोरंटोरं, टाळ, झांजा, घंटा, टाळ्या. प्रत्येकाला वाटतं की आरती आपल्याच जिवावर चाललीय. आमच्या आरतीत कोणी कोणाचं ऐकत नाही. ऐकायचं असतं हेच मुळी कोणाला माहीत नाही.

त्याच दिवशी कोणीतरी फोनवर घेतलेला आरतीचा तुकडा नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरला. त्यात झांजा आणि माझा नवरा, या दोनच गोष्टी ऐकू येत होत्या. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली.

आमचं विसर्जन झालं आणि त्यानंतरच्या रविवारी नणंद आईंचं सामान भरायला आली. मंगळवारी न्यायचं होतं. सोसायटीचा गणपती अजून बसलेला होता आणि खाली मुलांच्या संगीत खुर्चीचा आरडाओरडा चालू होता. जेवणं झाली. आई हॉलमध्ये खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. आम्ही दोघी त्यांची लुगडी बॅगेत घालत होतो, तेवढ्यात नवरा आला. "दोघी जरा आत या. आरती ऐकवतो. मीसुद्धा अजून ऐकली नाही, तुमच्यासाठी थांबलोय."

"दादा, मला पाचच्या आत निघायचंय," नणंद म्हणाली.

"दहा मिनिटं."

त्याने आम्हाला मधोमध बसवलं, पंखा बंद केला, दार लावलं आणि बटण दाबलं.

पहिल्याच क्षणी मी दचकून मागे वळले. माझ्या खांद्यामागे फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला होता. इतका खरा की "कोण आहे?" असं मी बोलूनही गेले. मागे नुसता करडा स्पंज. डावीकडे कोणीतरी चप्पल काढली. समोर काडी ओढली गेली आणि तिचा फुर्र आवाज झाला, तो मला नाकापर्यंत आला. नणंदेने माझा हात धरला. "वहिनी, हे काय आहे?" ती म्हणाली. मीही हादरले होते. एवढी वर्षं त्या खोलीची थट्टा केली आणि आता आमचा हॉल, आमचा तो दिवस, माणसांसकट माझ्याभोवती उभा होता.

मग घंटा वाजली आणि आरती सुरू झाली. पहिलं हसूच आलं. जो जिथे उभा होता तिथूनच त्याचा आवाज येत होता. समोरून नवरा, सूर सोडून बाकी सगळं असलेला. डावीकडून मी, सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढे, कारण माझं लक्ष गॅसवरच्या मोदकपात्राकडे. मधोमध नणंद, शेवटचं अक्षर रबरासारखं ताणणारी. शेजारच्यांचा नातू मधेच म्हणाला, "मम्मी, मोदक कधी?" आम्ही तिघंही मोठ्याने हसलो. नवऱ्याचं तोंड तर जत्रेतल्या पोरासारखं झालं होतं.

गणपतीची झाली, शंकराची झाली. देवीची सुरू झाली. आणि मला मागून एक आवाज ऐकू यायला लागला.

म्हाताऱ्या बाईचा आवाज होता. बारीक, थोडा घोगरा, पण सुरात आणि लयीत, कोणाच्या पुढे नाही, कोणाच्या मागे नाही. आमच्या सगळ्या कल्लोळाखाली तो शांतपणे चालला होता.

"हे कोण गातंय?" मी विचारलं.

"शेजारच्या आजी असतील," नणंद म्हणाली.

"त्यांचे गुडघे धरलेत. त्या आल्याच नव्हत्या."

 नवऱ्याचं हसू गेलं होतं. त्याने थोडं मागे घेतलं आणि समोरचे तिन्ही आवाज एकेक करून बंद केले, मग मागचा डावा. उरला मागचा उजवा स्पीकर, म्हणजे फ्रीजवरचा माइक. फ्रीजची घरघर, लांबून झांजा, आणि अगदी जवळून, माइकला तोंड लावल्यासारखा, तो आवाज. शब्द न् शब्द स्पष्ट. कुठे अडखळणं नाही, कुठे मगे नाही.

आईंच्या माहेरच्या गावात देवीच्या आरतीला शेवटी एक जादा कडवं म्हणतात. ते बाकी कुठेच म्हणत नाहीत. आमच्याकडे कोणाला ते येत नाही, म्हणून दरवर्षी आई त्या कडव्याला हात घालायच्या आणि आम्ही त्यांना तिथेच टाकून पुढच्या आरतीवर उडी मारायचो. नंतर त्यावरून बोलणी खायचो. रेकॉर्डिंगमध्येही लांबून आमची पुढची आरती सुरू झालेली ऐकू आली. आणि तो आवाज थांबला नाही. त्याने ते जादा कडवं घेतलं, एकट्याने, सावकाश, शेवटपर्यंत.

नणंदेच्या तोंडून "आई" एवढंच निघालं.  घरात साप निघाला असता तरी मी इतकी घाबरले नसते. किती महिने ही बाई आमच्यात मुकी बसलेली होती, आणि तिच्यात एवढे शब्द शाबूत होते. आमच्या पाठीमागे बसून ती आरत्या गायली, आणि आमच्यातल्या एकाचीही मान मागे वळली नाही. फोनने तो आवाज काढून टाकला, हे मी समजू शकत होते. आम्ही तर तिथे उभे होतो.

आरती संपली. नवरा बटणावर बोट ठेवून तसाच बसला होता, त्यामुळे रेकॉर्डिंग चालूच राहिलं. त्या दिवशी आरतीनंतर प्रसादाच्या गडबडीत त्याने यंत्र बंद केलंच नव्हतं. ताटं वाजली, लोक चपला घालून गेले. मग लांबून, पण नीट समजेल असा, नणंदेचा आवाज आला. "मंगळवारीच नेऊ या ना दादा, नंतर पितृपक्ष लागेल." त्यावर माझा आवाज, "एक स्वेटर लागेल बरोबर." आणि मग नवऱ्याचा. "तिला काय कळतंय आता. इथे ठेवली काय आणि तिथे ठेवली काय, सारखंच."

खोलीत बसलेला नवरा स्वतःचा आवाज ऐकून खुर्चीत आखडला. मी म्हटलं, "बंद कर." त्याचं बोट हललं नाही.

मागच्या उजव्या स्पीकरमधून आई बोलल्या. "मगे." मग घाईघाईने, "मगे, मगे, मगे." कोणीतरी वाट्या गोळा करत होतं, बहुतेक मीच. पुन्हा मगे. त्यानंतर थोडा वेळ फक्त त्यांचा श्वास ऐकू आला, आणि मग त्या देवीची आरती पुन्हा म्हणायला लागल्या. पहिल्या ओळीपासून. देव समोर, पण आरती संपलेली, निरांजन विझलेलं. एकट्याच, आधी हळू, मग थोड्या मोठ्याने, तीच ओळ पुन्हा पुन्हा. त्या देवीला आळवत नव्हत्या, आम्हाला हाका मारत होत्या. त्यांच्याकडे जेवढे शब्द उरले होते, तेवढे त्यांनी आमच्यासमोर ठेवले. त्यावर रेकॉर्डिंगमधली मी म्हणते, "मोदक उरलेत, डब्यात भरू का?"

नवऱ्याने हुंदका दिला, तो मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला.

दार उघडून आम्ही बाहेर आलो. आई जाग्या होत्या. समोर अर्धी भरलेली बॅग होती आणि त्या तिच्याकडे बघत होत्या. नवरा त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला. "आई, तुला सगळं कळतं? आम्ही बोलतो ते सगळं कळतं?"

आईंनी त्याच्याकडे बघितलं. तोंड उघडलं. "मगे," त्या म्हणाल्या, आणि तो शब्द तोंडातून पडताच त्यांनी डाव्या हाताने स्वतःच्या गालावर चापट मारली. इतका राग मी त्यांच्या चेहऱ्यावर आमच्या भांडणांतही पाहिला नव्हता. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मगे. नणंद रडायला लागली.

मला रडायला सुचलं नाही. मी तशीही उलट्या काळजाची म्हणून प्रसिद्ध आहे. मी स्टूल ओढलं, आईंच्या अगदी समोर बसले आणि देवीची आरती म्हणायला लागले. भर दुपारी, ना देव, ना दिवा. आईंनी ओठ घट्ट मिटलेले. मी दोन कडवी म्हटली, तिसरं म्हटलं, आणि मग ते त्यांच्या माहेरचं जादा कडवं धरलं, जे मला येतच नव्हतं. आत्ताच ऐकलेले चार शब्द आठवले, तेही उलटेसुलटे. तिसऱ्या शब्दाला आईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. चौथ्याला त्यांनी माझ्या गुडघ्यावर फाडकन हात मारला आणि ते कडवं स्वतः घेतलं. मोठ्याने. माझ्या डोळ्यांत डोळे घालून. एकही शब्द न चुकता. सुनेने केलेली चूक त्यांना कधीच सहन झालेली नव्हती.

कडवं संपलं. त्या धापा टाकत होत्या. बोलताना हरवणारे शब्द त्यांना चालीत सापडत होते; मला वाटलं, आता थांबले तर ही वाट पुन्हा बंद होईल. मी चाल सोडली नाही. त्याच चालीत, जे सुचेल ते घातलं. मला वेड लागल्यासारखं नणंद माझ्याकडे बघत होती.

"आई आमच्या राहतील कुठे," मी गायले, "आई आमच्या राहतील..."

आणि थांबले.

आईंचे ओठ हलले. मगे येणार असं वाटलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली, चाल मनात एकदा फिरवून घेतली असावी, आणि मी सोडलेल्या जागी, नेमक्या सुरात, एक शब्द ठेवला.

"घरात."

नवऱ्याने त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं. आईंचा डावा हात त्याच्या केसांवर गेला. त्यांनी पुन्हा म्हटलं, या वेळी कोणी चाल न देता, "घरात." मी बॅगेतली लुगडी काढून कपाटात ठेवायला लागले, कारण माझ्या हातांना दुसरं काहीतरी हवं होतं. नणंद मदतीला आली. त्या बागेबद्दल, नर्सबद्दल, स्वच्छ खोल्यांबद्दल आम्ही तिघं कितीतरी संध्याकाळी बोललो होतो, आणि हा एक प्रश्न त्याआधी आमच्यापैकी कोणीही आईंना विचारला नव्हता.